वर्षाची बेगमी : धान्य टिकविण्याची रीत आणि हिशेब

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या कारागिराला मंदी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. यंत्रमाग थांबला की मजुरी थांबते, परंतु चूल थांबत नाही. अशा वेळी ज्याच्या घरात सहा महिन्यांचे धान्य आहे, तो दुकानदाराच्या वहीत नाव न चढविता दिवस काढतो. ज्याच्याकडे नाही, त्याला उधारीच्या भावाने मिळेल तो माल घ्यावा लागतो. म्हणून सुगीत धान्य भरून ठेवणे हा घराचा मोठा आधार आहे.

काही बांधव विचारतात, ही साठेबाजी तर नव्हे? भाव चढावा म्हणून लोकांच्या गरजेचा माल अडवून ठेवणे म्हणजे इहतिकार, आणि तो निषिद्ध आहे. घरच्यांसाठी तरतूद करणे ही वेगळी गोष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबियांसाठी वर्षाचे अन्न राखून ठेवीत, अशी हजरत उमर (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. सूरह यूसुफमध्ये दुष्काळासाठीचे धान्य कणसातच राहू देण्याचा उपाय आला आहे. कोकणातील शेतकरीही जाणतो की तांदळापेक्षा तुसासकट भात जास्त टिकते. त्याच न्यायाने घरात पीठ साठवू नये, गहू साठवावा.

धान्याचे तीन शत्रू आहेत : ओल, कीड आणि उंदीर. यांत मूळ शत्रू ओल. पावसाळ्यात कापडाच्या गाठी भिंतीला टेकवून ठेवल्या तर डाग पडतात, हे आपण व्यापारी जाणतो. धान्याचेही तसेच आहे. त्यातील ओलावा शेकडा 12 च्या आत असावा. गव्हाचा दाणा दाताखाली कट्कन फुटला तर तो वाळलेला समजावा. दुसरी परीक्षा मिठाची. तव्यावर गरम करून थंड केलेले चमचाभर मीठ व मूठभर धान्य काचेच्या कोरड्या बाटलीत घालून हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून दमट आहे.

गहू, ज्वारी व कडधान्ये पावसाळ्यापूर्वी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावीत. तांदूळ मात्र सावलीत वाळवावा, उन्हात त्याचा तुकडा पडतो. वाळलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. गरम भरल्यास आत वाफ धरते आणि बुरशी येते.

कडधान्याच्या भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच येतात. म्हणून मूग, चवळी, हरभरा यांना किलोमागे एक चहाचा चमचा गोडे तेल किंवा एरंडेल चोळावे. तूरडाळीला एरंडेल चोळण्याची आपल्या घरांतील जुनी रीत योग्यच आहे. शिजविण्यापूर्वी डाळ धुऊन घ्यावी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा. ओला पाला नुकसान करतो.

पत्र्याची कोठी किंवा घट्ट झाकणाचे पिंप उत्तम. ते लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. जुनी पोती वापरायची तर उलटी करून झटकावीत आणि कडक उन्हात तापवावीत, कारण शिवणीत कीड लपते. कोठीवर भरल्याची तारीख लिहावी. जुना माल आधी काढावा, हा दुकानाचा नियम घरातही पाळावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धान्यात टाकण्याच्या विषारी वायूच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, घरात कधीही आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर खास उतारा नाही. आपली घरे लहान. ज्या खोलीत कोठी, त्याच खोलीत मुले निजतात. या गोळ्यांचे काम गोदामात, तेही प्रशिक्षित माणसाच्या हातून होते. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडरही टाळावी. कीड मारताना माणसाला इजा होऊ नये.

बुरशी धरलेले शेंगदाणे, मिरची किंवा मका भाजून वा धुऊन वापरू नये. बुरशीचे विष उष्णतेने जात नाही. असा माल फेकावा, आणि तो गिऱ्हाइकाला तर मुळीच विकू नये.

शेवटी हिशेब. घराला महिना 30 किलो गहू लागत असेल तर वर्षाचे 360 किलो होतात. त्यांत शेकडा 5 जरी किडले, तरी 18 किलो म्हणजे अठरा दिवसांचे अन्न वाया गेले. हा इस्राफ टाळायला पैसा फारसा लागत नाही. दोन दिवसांचे ऊन, थोडे तेल आणि महिन्यातून एकदा कोठी उघडून पाहण्याची सवय लागते. एकदम वर्षाचे भरणे झेपत नसेल तर यंदा तीन महिन्यांचे भरावे. इन्शाअल्लाह, तेवढ्यानेही वहीतील उधारी हलकी होईल.