माज्या जल्माची की माझ्या जन्माची?

शांताबाई कांबळे यांचे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. हेच नाव आज मोबाईलवरच्या एआयला देऊन ‘शुद्ध करून दे’ म्हटले, तर ‘माझ्या जन्माची चित्रकथा’ असे उत्तर येण्याचा संभव मोठा. शुद्धलेखन सुधारले; बाई मात्र त्यातून निघून गेली!

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. तेव्हापासून आपली मुलेमुलीही त्याच्याकडून कविता, भाषणे लिहून घेऊ लागली आहेत. हे यंत्र अफाट मजकुरावर घडवलेले असते आणि पुढे कोणता शब्द येईल, याचा अंदाज बांधत वाक्य जुळवते. वस्तीतली, शेतातली बोली त्या मजकुरात थोडीच. म्हणून आजीचे बोलणेही ते पाठ्यपुस्तकासारखे करून टाकते. शिवाय ठाऊक नसलेलेही बेधडक ठोकून देते.

मग ते टाकून द्यावे काय? मुळीच नाही. पाळीवरून दमून आलेल्या माणसाला मदतनीस मिळत असेल तर जरूर घ्यावा. पण पहिला खर्डा आपलाच हवा. आईला लिहिता येत नसेल तर तिला बोलू द्यावे, फोनवर ध्वनिमुद्रण करावे, जसेच्या तसे उतरवावे. मग यंत्राला बजावावे, “एकही वाक्य बदलू नको. वाचणाऱ्याला कुठे अडेल, तेवढे विचार.” ते विचारील, दुष्काळ होता म्हणता, तर चुलीवर काय शिजत होते? अशा प्रश्नाने विसरलेले आठवते. उत्तर मात्र आईनेच द्यायचे. यंत्राने सुचवलेला शब्द तिला मोठ्याने वाचून दाखवावा. “मी असं कुठं बोलते?” म्हणाली, की खोडावा.