घरीं उघडलेला ब्रेक

मोटारीचा वेग सर्वांच्या डोळ्यांत भरतो; परंतु ज्याच्या भरंवशावर माणूस तो वेग आपल्या पायाखालीं ठेवतो, त्या ब्रेकाची आठवण बहुधा तो दगा देऊं लागल्यावरच होते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यांत हत्यारें हाताळणाऱ्यांची वाण नाहीं. पवनेच्या कांठच्या थेरगांवांत एखाद्या गृहस्थानें सुटीच्या दिवशीं आपल्या गाडीचे कॅलिपर स्वतःच उघडून नवीं रबरें बसविलीं, तर त्यांत नवल तें काय? काम बारीक आहे, पण असाध्य नव्हे. खरी परीक्षा जोडणी संपल्यावर सुरू होते. पेडल मऊ लागतें, चाक तापतें, नाहीं तर गाडी एका अंगाला ओढते. अशा वेळीं दोष कोठें शोधावा?

या यंत्राचें मर्म पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत सांगितलेल्या नियमांत आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून नळीवाटे कॅलिपरच्या पिस्टनवर येतो. पिस्टन पॅड पुढें ढकलतो आणि पॅड फिरत्या डिस्कला चिमट्यांत धरतात. पिस्टनभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. पिस्टन पुढें सरकतांना तें किंचित् पिळवटतें, आणि पाय उचलतांच पूर्ववत् होतांना पिस्टनला केंसभर मागें ओढतें. म्हणजे हें एकच कडें द्रव अडवितें आणि स्प्रिंगचेंही काम करतें. दुरुस्तींत मुख्यतः हेंच बदललें जातें. म्हणून पुढच्या पुष्कळ दोषांचा माग येथेंच लागतो.

पहिली तक्रार मऊ पेडलाची. जोडणीनंतर प्रथम पेडल तळाला जाणें स्वाभाविक आहे. कारण पिस्टन मागें दाबलेले असतात. पॅड डिस्कला भिडेपर्यंत पेडल अनेक वेळां दाबलें पाहिजे. त्यापूर्वीं गाडी हलविणें म्हणजे ब्रेकाशिवाय हलविणेंच होय. त्यानंतरही तें स्पंजासारखें लागलें, तर आंत हवा आहे. हवा वर चढते, म्हणून ती काढण्याचें निपल कॅलिपरच्या माथ्याशीं असावें लागतें. पुष्कळ गाड्यांत डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बिनतक्रार बसतो. पण मग निपल खालीं जातें, आणि बाटलीभर द्रव वाहूं दिला तरी माथ्यावरचा बुडबुडा जागचा हलत नाहीं. एबीएसच्या पंपांत हवा शिरली असेल, तर कांहीं गाड्यांत ती संगणकी उपकरणानेंच काढावी लागते. तेथें गॅरेजचा रस्ता धरावा.

पेडल आधीं कठीण लागून, दाबून धरल्यावर हळूहळू खालीं जात असेल, तर द्रव कोठें तरी निसटत आहे. होजपाईपच्या सांध्याशीं तांब्याच्या जुन्याच चकत्या ठेवल्या असतील, तर तेथें ओल दिसते. बाहेर कोठेंच ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर येतो. हवा काढतांना पेडल तळापर्यंत दाबलें म्हणजे त्यांतील रबरें एरवीं कधीं न गेलेल्या, गंजलेल्या भागावरून घासतात आणि फाटतात. पेडलाखालीं लांकडाचा ठोकळा ठेवला असता, तर हा प्रसंग टळतो.

चाक तापत असल्यास गाडी जॅकनें उचलून स्टँडवर ठेवावी, आणि ब्रेक दाबून सोडल्यावर चाक हातानें फिरवावें. अडलें, तर निपल किंचित् सैल करावें. द्रव उडून चाक मोकळें झालें, तर दाब आंत कोंडला होता. होजपाईप आंतून सुजला आहे, किंवा मास्टर सिलिंडर द्रव परत घेत नाहीं. चाक तरीही अडलेलेंच राहिलें, तर दोष कॅलिपरांतच आहे: पिस्टनवर गंज, कड्याच्या खांचेंत जुना मळ, किंवा ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना कोरड्या.

ब्रेक दाबतांच गाडी डावीकडे गेली, तर डाव्या चाकालाच दोष दिला जातो. वस्तुतः अधिक धरणारें चाक गाडी आपल्याकडे ओढतें. म्हणून आधीं उजवें पाहावें. तेथील पिस्टन अडकला असेल, किंवा पॅडवर द्रव सांडला असेल. असे पॅड बदललेच पाहिजेत.

‘ब्रेक ऑइल’ हें नांवही फसवें आहे. सामान्यतः तें तेल नसून ग्लायकोल जातीचा द्रव असतो. त्याच्या जागीं इंजिनाचें तेल गेलें, किंवा भाग पेट्रोलनें धुतले, तर रबरी कडें फुगतें आणि पिस्टन परत येत नाहीं. शिवाय हा द्रव हवेंतील ओल शोषतो. डॉट ४ जातीचा नवा द्रव निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असें प्रमाण आहे; ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. पावसाळाभर अर्धी उघडी राहिलेली बाटली वापरून कुटुंबासह खंडाळ्याचा घाट उतरूं लागल्यास तापलेल्या कॅलिपरांत वाफ धरते, आणि घरापाशीं कठीण लागलेलें पेडल ऐन उतारावर तळाला जातें.

म्हणून परीक्षा पायरीपायरीनें व्हावी. इंजिन बंद असतां पेडल कठीण होईपर्यंत दाबावें व तसेंच धरून इंजिन सुरू करावें. तें किंचित् खालीं गेलें, तर बूस्टर ठीक आहे. मग तें मिनिटभर जोरानें दाबून धरावें आणि दुसऱ्यानें प्रत्येक सांधा निरखावा. पुढें मोकळ्या मैदानांत माणसाच्या चालीनें गाडी चालवावी, हात हँडब्रेकवर असावा. डांगे चौकाची गर्दी त्यानंतर, आणि घाट सर्वांत शेवटीं. यांतील एका पायरीवरही शंका उरली, तर गाडी उभी ठेवून जाणत्या मिस्त्रीला घरीं बोलवावें. स्वतः दुरुस्ती करण्याचा आनंद मोठा खरा. पण त्या ब्रेकाच्या भरंवशावर मागच्या आसनावर बसणाऱ्या मुलांना आणि रस्ता ओलांडणाऱ्या परक्या माणसाला त्या शंकेचें मोल देण्यास लावण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.