शब्दांची ये-जा : ‘कॉमेंट’ कधी मारतात, कधी करतात

८ डिसेंबर २०११. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध सेहवाग १७० वर असताना कर्णधार डॅरेन सॅमीच्या हातून त्याचा झेल सुटला आणि सेहवाग २१९ पर्यंत जाऊन थांबला. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो तेव्हाचा वैयक्तिक धावसंख्येचा विक्रम. असा झेल सुटला की मैदानावर दोन तऱ्हांचं बोलणं सुरू होतं. वरच्या खोलीत माइकपाशी बसलेला माणूस चेंडू कसा आला, फटका कुठे चुकला, क्षेत्ररक्षक कुठे उभा होता ते सांगतो. खाली पायऱ्यांवरून एखादा ओरडतो, ‘क्यों भिया, पोहे नी खाए क्या?’ वरची ती कॉमेंट्री आणि खालची ती कॉमेंट. शब्द सख्खे भाऊ, पण आपल्याकडे एक शिकला-सवरला आणि दुसरा कट्ट्यावर बसला.

इंग्रजीत ‘कॉमेंट’ला असा बट्टा नाही. पाहिलेल्या, वाचलेल्या, ऐकलेल्या गोष्टीबद्दल काढलेले चार शब्द, एवढाच त्याचा अर्थ. ते कौतुकाचे असोत, शंकेचे असोत वा नुसतेच माहितीचे. मार्गदर्शकानं प्रबंधाच्या समासात ‘इथे पुरावा हवा’ असं लिहिलं तरी ती कॉमेंटच. मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ ‘मनानं रचलेलं’ असा होता. पुढे तो ग्रंथावरच्या विवरणाकडे वळला. आम्हाला विचाराल तर पहिला अर्थ अजून पुरता गेलेला नाही.

मराठीत या शब्दाचा स्वभाव ठरतो तो क्रियापदावरून. ‘कॉमेंट केली’ यात काही वावगं नाही. ‘कॉमेंट मारली’ म्हटलं की टोमणा आला, आणि ‘कॉमेंट पास केली’ म्हटलं की रस्त्यानं जाणारी मुलगी डोळ्यांसमोर येते. या शेवटच्या प्रकाराला कायदा गंमत मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७५ आणि ७९ या कलमांत तो गुन्हा आहे. मराठीत कॉमेंट ‘ती’, हिंदीत कमेंट ‘तो’. त्यामुळे इंदूरच्या मराठी घरात नातू ‘त्यानं कमेंट मारला’ म्हणतो आणि आजी ‘मारली रे, मारली’ म्हणून सुधारते. आजीचा आक्षेप लिंगाला असतो, मारण्याला नव्हे! आणखी एक खोड म्हणजे आपले पुढारी ‘नो कॉमेंट्स’ म्हणतात. इंग्रजीत तो वाक्प्रचार एकवचनी आहे, ‘नो कॉमेंट’.

परक्या शब्दाला आपण बिघडवलं म्हणावं, तर घरच्या शब्दाचीही तीच गत केली आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत उलगडला आणि आपल्या ग्रंथाला ‘टीका’ म्हटलं. आज वर्तमानपत्रात ‘विरोधकांची सरकारवर टीका’ असा मथळा दिसला तर कुणाला विवरणाची आठवणही होणार नाही. हिंदीत मात्र ग्रंथावरची टीका अजून विवरणच आहे. त्या भाषेत दोष काढणं म्हणजे ‘आलोचना’, आणि आपण मात्र रेडिओवरच्या सामन्याच्या वर्णनाला अगदी आदरानं ‘समालोचन’ म्हणतो. दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणाऱ्या इंदूरकरानं यातून वाट काढायची कशी? तो सरळ ‘कॉमेंट्री’ म्हणतो आणि मोकळा होतो.

त्या शब्दावर या गावाचा हक्कही आहे. हिंदी समालोचनातलं मोठं नाव, सुशील दोशी, इंदूरचे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियमवरच्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे. स्टँडला खेळाडूंची नावं सगळीकडे असतात. बोलणाऱ्याचं नाव खोलीला देणं विरळा. मराठीत हे काम बाळ ज. पंडितांनी केलं. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेल्या या माणसानं ‘धावतं वर्णन’ घराघरात पोचवलं.

धावतं वर्णन करणाऱ्याला मतं असतात, पण त्याआधी त्याला हिशेब द्यायचा असतो. धावसंख्या किती, गोलंदाज कोण, चेंडू कुठे टाकला, फलंदाज पुढे आला की मागे सरला. रेडिओवर ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही, म्हणून ‘वाईट फटका’ एवढं म्हणून भागत नाही. बॅट आडवी आली होती हे सांगावं लागतं. पायऱ्यांवरून ओरडणाऱ्यावर ती जबाबदारी नाही, कारण शेजारच्यानंही तेच पाहिलेलं असतं. टोमण्याला साक्षीदार लागतात. सामना न पाहिलेल्या माणसाला पोह्यांचा तो टोला सांगून बघा, आधी झेल कसा सुटला ते सांगावं लागेल, आणि तुमच्याही नकळत कॉमेंट्री सुरू होईल.

कचेरीतल्या फायलीवरचा ‘शेरा’ आणि त्यातून निघालेली ‘शेरेबाजी’ यांचं नातं असंच वाकडं आहे. ते पुढच्या आठवड्यात.