आतड्याचे अस्तर : देहाचा जागता पहारेकरी

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी आनंदासह त्याला आंघोळ घालून मंचकावर निजविले आणि रुग्णाची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला सांगितले. पोटाचा विकार आजही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, विशेषतः पावसाळ्यात, लहान मुलांना छळतो. म्हणून आतड्याचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या केवळ एका थराचे असते. या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. अन्नरस आत घ्यायचा आणि जंतू बाहेर थोपवायचे, हे त्यांचे काम. काही पेशी चिकट स्राव पाझरून अस्तरावर लेप देतात, काही जंतुनाशक द्रव्ये सोडतात. विशेष म्हणजे याच पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना संदेश देतात. नेहमीच्या निरुपद्रवी जंतूंबाबत ‘शांत राहा’, घातक जंतू शिरल्यास ‘धावून या’. हा तोल बिघडला की दाह होतो, पेशींमधील सांधे सैल पडतात, जंतूंचे अंश आत झिरपतात आणि दाह अधिकच वाढतो.

दूषित पाणी व उघड्यावरील शौचामुळे जंतू वारंवार पोटात गेले, तर जुलाब नसतानाही हा दाह धुमसत राहतो. अन्न शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. मूल खाते, पण अंगी लागत नाही. अपुऱ्या अन्नाइतकेच कुपोषणाच्या या कारणाकडेही लक्ष दिले पाहिजे.

सुदैवाने हे अस्तर ३ ते ५ दिवसांत नवे होते. त्यासाठी पोषण लागते. म्हणून जुलाबात मुलाचे जेवण किंवा अंगावरचे दूध कधीही बंद करू नये. शिवाय जुलाबातही साखर व मीठ एकत्र शोषण्याची पेशींची वाट उघडी राहते आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. याच आधारावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत जलसंजीवनी देऊन पटकीचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी केले. जलसंजीवनीसोबत वयाप्रमाणे १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी. शौचातून रक्त पडल्यास, मूल सुस्त झाल्यास किंवा त्याला पाणी पिता येत नसल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन पाण्यावरील आपला हक्क बजावला. ते पाणी प्रत्येक पाड्यावर शुद्ध मिळावे, यासाठी झटणे हे आता आपले कर्तव्य आहे.

जयभीम!