अग्निबाणाची छत्री का जळते?

उदगीरच्या श्रोत्यांना काळ्या दारूची ओळख करून द्यावयाची म्हणजे थोडे धाडसच होय. 1760 च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले ते याच मुलखात, आणि त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा वाटा मोठा होता. सोरा, गंधक आणि कोळसा यांची जी दारू त्या तोफांत ठासली जाई, तीच आज मुलांच्या हौशी अग्निबाणाच्या शेपटीत असते.

हा अग्निबाण दिवाळीतल्या बाणाहून एका बाबतीत निराळा आहे. तो परत यावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेत नेब्रास्का प्रांतातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा जोड्यांचा दुकानदार होता. त्याने 1954 च्या सुमारास भावाच्या मदतीने असा बाण तयार केला आणि तेथून हा छंद पसरला. पुठ्ठ्याची नळी, वर सैल बसविलेले टोक, आणि खाली कारखान्यात बनविलेले दारूचे नळकांडे. नळकांड्यात तीन थर असतात. पहिला बाणाला वर नेतो. दुसरा सावकाश धुमसतो. तेवढ्यात बाण आपल्या वेगानेच शिखर गाठतो. तिसरा म्हणजे चिमूटभर मोकळी दारू. ती एकदम पेटते, नळीत दाब भरतो, टोक उडते आणि आतली घडी घातलेली हवाई छत्री बाहेर पडते.

आता अडचण पाहा. छत्रीला ढकलणारा वायू आणि तिला जाळणारा वायू एकच आहे! काळ्या दारूची ज्वाला दोन हजार अंशांच्या आसपास असते. पॉलिथीन शंभर अंशांच्या थोडे पुढे वितळू लागते आणि नायलॉन सव्वादोनशे ते अडीचशेच्या सुमारास. छत्री वितळून गोळा झाली तर ती उघडत नाही. हवेचा विरोध नसता तर 200 मीटरवरून सुटलेली वस्तू ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने जमिनीला लागली असती. टोकदार नळीला हा विरोध थोडाच होतो, आणि खाली मुले माना वर करून उभी असतात.

पण नुसत्या तपमानाने घाबरू नये. निरांजनाच्या ज्योतीतून बोट झर्रकन फिरविले तर भाजत नाही, तेच थांबविले तर फोड येतो. उष्णता किती पोचली हे वेळेवरही अवलंबून असते, आणि नळीतला हा सारा प्रकार क्षणार्धात आटोपतो. खरा शत्रू दुसराच आहे. काळी दारू जळाली म्हणजे तिचा सगळा वायू होत नाही; वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपाने उरतो. म्हणून तिचा धूर इतका दाट. हे तापलेले कण आणि न जळालेले निखारे छत्रीला जाऊन चिकटतात. वायू निघून जातो, ठिणगी मात्र तेथेच बसून राहते. तेव्हा उपाय करावयाचा तो मुख्यतः ठिणगीवर.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे छत्री आणि दारू यांच्यामध्ये न पेटणाऱ्या कागदाचे सैल बोळे घालणे. थर नळीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असला म्हणजे पुरे. येथे पुष्कळजण फसतात. घरातले वर्तमानपत्र किंवा कापूस कोंबला तरी छत्री वाचते, नाही असे नाही. परंतु तो बोळा धुमसत खाली येतो. अमेरिकेतल्या हिरवळीवर त्याचे फारसे काही बिघडत नसेल. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रान वाळून कोळ झालेले असते आणि बांधापलीकडे कुणाच्या तरी वर्षभराच्या कडब्याची गंज उभी असते. एका पोराच्या खेळापायी शेतकऱ्याची जनावरे उपाशी राहावयाची!

म्हणून कागद टाकणखार आणि बोरिक अॅसिड यांच्या पाण्यात भिजवून पुरता वाळवावा. टाकणखार म्हणजे सोनार डाग देताना वापरतो तोच. तापल्यावर हे क्षार पाणी सोडतात आणि तंतूंवर काचेसारखा लेप धरतात. कागद काळा पडतो, पण ज्योत धरीत नाही. तरीही परीक्षा घ्यावी. तुकडा चिमट्यात धरून ज्योतीत घालावा आणि काढावा. कडेला लाल रेघ सरकत राहिली तर तो कागद निरुपयोगी समजावा.

मोठ्या बाणात आग विझविणाऱ्यांच्या पोशाखाचे नोमेक्स कापड वापरतात. पानाचा विडा बांधावा तशी त्यात छत्री गुंडाळतात. कोणी नळीत भोके आडवीतिडवी पाडलेल्या दोन चकत्या बसवितात. वायू वळण घेऊन जातो. जड कणाला, भरधाव गाडीप्रमाणे, वळता येत नाही आणि तो चकतीवर आपटतो. तिसरी तऱ्हा दट्ट्याची. दारू दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या छत्रीला, त्यामुळे दोघींची गाठच पडत नाही. मात्र काजळी साचली की दट्ट्या अडकतो. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून गगनयानाच्या चाचणीत माणसांसाठी असलेली कोठी दहा छत्र्यांच्या साहाय्याने समुद्रात उतरली. असल्या यानांत काही छत्र्या लहान उखळीतून उडवितात, आणि तेथेही दारूचा वायू व छत्री यांच्यामध्ये दट्ट्याच असतो.

काळजीचाही अतिरेक होतो, बरे का. बोळे ठासून भरले तर दाब छत्रीला बाहेर काढण्याऐवजी नळकांडेच मागे फेकून देतो. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटतात, त्यांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी. दोरीचा रबरी भाग दारूजवळ ठेवू नये. तो छत्रीच्याही आधी जातो. आणि दारू घरी बनविण्याच्या फंदात कुणी पडू नये. 1884 चा स्फोटकांचा कायदा आजही लागू आहे आणि त्याचे मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे. कायदा नसता तरी बोटे आपलीच जातात.

बाण खाली आला की पोरे दुसरा उडविण्याची घाई करतात. त्याआधी छत्री उजेडात धरून पाहावी. बारीक वाटोळी भोके दिसली तर ठिणग्या बोळ्यांच्या कडेने निसटल्या आहेत. बोळे नळीला सगळीकडून टेकतील असे बसवावे. सबंध घडीच आकसलेली असेल तर वायू थेट पोचला, थर वाढवावा. आणि छत्री स्वच्छ असूनही उघडली नसेल, तर दोष दारूचा नव्हे, घडीचा.