वेंगुर्ला रॉक्स होडीतूनच पाहा

धामणगाव बढेहून कोकणात जाणाऱ्या पक्षीमित्रांनो, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातली दीपगृहाची खडकाळ बेटं होडीतूनच पाहावीत, असं माझं ठाम मत आहे. तिथे सुरय पक्षी उघड्या खडकावर अंडी घालतात. माणूस उतरला की थवा उडतो आणि अंडी, पिल्लं उन्हात भाजतात किंवा इतर पक्ष्यांच्या तावडीत सापडतात. तिथल्याच गुहेतल्या पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात; परदेशात त्यांचं सूप महाग विकलं जातं, म्हणून इथून घरट्यांची तस्करीही झाली आहे. पर्यटकांच्या वर्दळीने चोर फिरकणार नाहीत, असं काही जण म्हणतात. पण राखण वनखात्याची गस्त आणि स्थानिक मच्छीमार करू शकतात, गर्दी नाही. दुर्बिणीतून सुरय छान दिसतात.