अपघात कोणाचा, अपराध कोणाचा?

अमेरिकेंतील व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधींच ठरलेला असतो. तेव्हां प्रतिपक्ष्याचें शरीर सांभाळणें हेंच तेथील खरें कौशल्य होय. १९९७ सालीं ओवेन हार्टच्या डावांत स्टीव्ह ऑस्टिनची मान जायबंदी झाली. १९९९ सालीं गोल्डबर्गची लाथ ओवेनचा वडील बंधु ब्रेट याच्या डोक्यास लागली; मेंदूस इजा होऊन पुढल्याच वर्षीं त्यास निवृत्त व्हावें लागलें. पहिल्या प्रसंगीं पुष्कळ रसिक दैवास दोष देतात, दुसऱ्या प्रसंगीं मात्र मल्लास. कारण ओवेनची कुशल म्हणून ख्याति, गोल्डबर्गची नाहीं! पण जखम का मल्लाचें नांव पाहून दुखते? घरींहि हुशार मुलाच्या हातून पेला फुटला तर आपण ‘निसटला’ म्हणतों; धांदरटाच्या हातून फुटला तर ‘फोडलास’! आमच्या मतें, दोष तोलतांना पारड्यांत कीर्ति घालूं नये.